खांबाच्या पोटात

धम्मपाल कासारेला स्टीलच्या पेल्यात चहा द्यायचा नाही, हे त्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पेला कितीही कढत असला तरी त्याच्या बोटांना ते कळत नसे. बोलण्याच्या नादात तो तसाच धरून बसे, आणि आम्रपालीचं लक्ष गेलं की ती ओरडे, "अवो, हात भाजला ना!" तेव्हा कुठे तो तळव्याकडे बघे. म्हणून त्याच्यासाठी कानाचा कप वेगळा ठेवलेला असे. बाहेर कुणाकडे गेला तर चहा निवेपर्यंत तो कपाला हातच लावत नसे. लोकांना वाटे, माणूस फार संकोची आहे.

ही बोटं नीडलने खाल्ली होती. ओतलेल्या काँक्रीटमध्ये हवा अडकून राहते, सळयांच्या मागे, कोपऱ्यात माल पोचत नाही. त्यासाठी एक जाड रबरी नळी असते, तिच्या टोकाला लोखंडी दांडका. मशीन चालू केलं की तो दांडका थरथरतो. तो ओल्या मालात बुडवायचा, थोडा वेळ धरायचा, बाहेर काढायचा, पुन्हा पुढे बुडवायचा. हीच नीडल. विशीत मुंबईला गेल्यापासून धम्मपालने दुसरं काही केलं नाही. भांडुपला, ठाण्याला, पनवेलला किती स्लॅबांमध्ये त्याने ती फिरवली असेल, त्याची गणती त्याच्यापाशीही नव्हती. रात्री झोपला तरी हात थरथरत असायचे. पुढे थरथर थांबली आणि बोटं बधिर झाली. थंडीत ती पांढरीफटक पडायची, मेणबत्तीसारखी.

लॉकडाउनमध्ये तो पोलादपूरजवळच्या आपल्या वाडीत परत आला तो कायमचाच. मुलगी रूपाली महाडला कॉलेजात जाऊ लागली होती. आम्रपाली शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुलाचं काम निघालं आणि धम्मपालला घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर काम मिळालं. नीडलचंच. तेव्हा तो आम्रपालीला म्हणाला होता, "आता मुंबईचं नाव नको घेऊस." ती म्हणाली, "मी कधी घेतलं?"

पण वर्षभरातच नीडल गेली.

पुलाच्या मधल्या खांबांमध्ये सळया इतक्या दाट होत्या की त्यांच्यामधून नीडल खाली उतरेना. भूकंपाचा भाग, वर घाटातून सुटणारं पाणी, म्हणून डिझाइनच तसं आलं होतं. एका छोट्या खांबावर करून बघितलं तर नीडल सळयांना वेढणाऱ्या आडव्या रिंगांमध्ये अडकली आणि शटर, म्हणजे बाहेरचा साचा, काढल्यावर खांबाला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं दिसली. तो खांब फोडावा लागला. मग कंपनीने आपसूक बसणारं काँक्रीट आणायचं ठरवलं. ते पाण्यासारखं वाहतं, दाट सळयांमधून वाट काढतं आणि कुणी न ठोकता, न हलवता कोपऱ्यापर्यंत भरतं.

साइटवरच्या प्रयोगशाळेत शुभदा नावाची महाडची मुलगी होती. डिप्लोमा झालेली, बोलायला मोकळी. पहिल्या दिवशी तिने सगळ्या गड्यांना बोलावून नवा माल दाखवला. एका मोठ्या पत्र्यावर उलटा शंकू ठेवला, त्यात माल भरला आणि शंकू उचलला. माल ढिगासारखा बसला नाही. तो पसरत गेला, परातीपेक्षा मोठा झाला आणि गुळगुळीत चकती होऊन थांबला. खडी अगदी कडेपर्यंत पोचली होती.

"पेज झाली की ही," फोरमन बाळ म्हणाला. बाळ कुणबी, पोलादपूरचाच, धम्मपालपेक्षा वयाने मोठा. तेव्हापासून साइटवर त्या मालाचं नाव पेज पडलं.

"पाणी जास्त नाही घातलंय," शुभदा म्हणाली. "ह्यात सिमेंट कमी केलंय. त्याच्या जागी विजेच्या कारखान्यातली उडणारी राख घातलीय आणि पोलादाच्या भट्टीतली दळलेली मळी. सिमेंटचे कण खडबडीत असतात, एकमेकांत अडकतात. राखेचे कण गोल, मोहरीसारखे. मोहरी सांडली की कशी पळते? तसं हे पळतं. आणि एवढ्या मोठ्या खांबात नुसतं सिमेंट भरलं तर आतून फार तापतं, तडे जातात. राखेने ते थंड राहतं. फक्त एक आहे, हे सावकाश घट्ट होतं."

"म्हंजे नीडल नाय लागत?" धम्मपालने विचारलं.

"नाही ना दादा. तेच तर."

तिला त्यात आनंद होता आणि तो चुकीचाही नव्हता. कुणाच्याच हाताला आता ती थरथर लागणार नव्हती. पण त्याबरोबर धम्मपालचं कामही जाणार होतं. नीडलची मशिनं लवकरच दुसऱ्या साइटवर गेली. तिथे जायचं तर रत्नागिरीच्या पलीकडे जाऊन राहायला लागणार होतं. तो गेला नाही. बाळने त्याला सफाईवर घेतलं. खांबाच्या सळया बांधून, चारी बाजूंनी लोखंडी शटर लावून झालं की आतला कचरा काढायचा: तारेचे तुकडे, प्लास्टिकचे ग्लास, पालापाचोळा. त्यासाठी शटरच्या वरून सळयांच्या पिंजऱ्यात उतरायचं. धम्मपाल अंगाने बारीक. तो रिंगांवर पाय देत शिडी उतरल्यासारखा खाली जायचा.

त्याला ते काम आवडत नव्हतं. आत उतरलं की वर नुसता आभाळाचा चौकोन उरे. अंग वळवायचं म्हटलं तरी आधी खांदा तिरका करायचा, मग कंबर. गंजाचा वास नाकात बसे. एकदा तो बाळला म्हणाला, "फोरमन, मला दुसरं कायतरी द्या." बाळ म्हणाला, "धम्मा, तुझ्या हातात पाना राहत नाय, तार पिळता येत नाय. काय देऊ सांग." त्यात टोमणा नव्हता. मुंबई नको, रत्नागिरी नको, पाना धरता येत नाही, आणि रूपालीचं शेवटचं वर्ष. तो पुन्हा आत उतरू लागला.

डिसेंबरातली गोष्ट. नदीच्या पात्रातल्या मोठ्या खांबाचा पहिला टप्पा भरायचा होता. दुमजली घराएवढं शटर उभं होतं. ह्या वेळी माल वरून ओतायचा नव्हता. शटरला खालच्या बाजूला तोंड ठेवून त्याला पंपाची नळी जोडली होती. माल खालून आत शिरणार आणि आपला आपण वर चढत जाणार. वर कुणी थांबायची गरज नव्हती. नीडलचे दिवस असते तर वर तीन-चार माणसं वाकून आत बघत उभी असती.

धम्मपालने सकाळीच सफाई केली. खालची सफाईची खिडकी बाळने बोल्ट आवळून बंद केली, फटींना स्पंज लावला, कारण ही पेज बारीक फटीतूनही गळते. "झाली सफाई?" त्याने विचारलं. "झाली," धम्मपाल म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत सगळे झाडाखाली बसले होते. धम्मपालचा डबा आधी संपला. त्याचा बॅटरीचा दिवा वर राहिला होता, तो आणायला तो पुन्हा वर चढला आणि सहज आत प्रकाश टाकला. तळाशी रिंगेला गोणपाटाचा एक मोठा तुकडा लटकत होता. वाऱ्याने उडून पडला असावा. तो तसाच राहिला तर त्या जागी खांबात पोकळी राहणार. इतकी वर्षं पोकळी राहू नये म्हणूनच त्याने हात झिजवले होते. त्याने खाली बघितलं. बाळ आडवा झाला होता. एवढ्यासाठी कुणाला कशाला उठवायचं, असं म्हणून तो उतरला.

गोणपाट काढलं. ते बगलेत धरून तो वर निघायला सरळ झाला आणि कुणीतरी मागून धरल्यासारखा झटका बसला. उंचीवर चढताना छातीपासून कमरेपर्यंत बांधायच्या पट्ट्याचा दोर पाठीमागे लोंबत होता. त्याचा आकडा मागच्या आडव्या सळईत अडकला होता. मागे हात पोचत नव्हता. वळायला जागा नव्हती. एका पायाचा बूट दोन सळयांच्या बेचक्यात रुतला होता, तोही निघेना. मग पट्टाच सोडावा म्हणून त्याने छातीवरचं बक्कल धरलं. बक्कल दोन्ही बाजूंनी दाबलं की सुटतं. त्याने दाबलं. निदान त्याला वाटलं की दाबलं. अंगठा बक्कलवर आहे की कापडावर, हेच त्याला कळत नव्हतं. थंडीने बोटं पांढरी पडली होती. त्याने ती तोंडात घालून ऊब दिली, पुन्हा दाबलं. नाही.

बाहेर मिक्सर गाडी आल्याचा आवाज झाला.

गाडी वेळेआधी आली होती. शुभदाने पत्र्यावर मालाची चकती करून बघितली, ठीक आहे म्हणाली. निषाद नावाचा साइट इंजिनीअर होता, पुण्याहून शिकून आलेला, नोकरीला नवा. त्याने बाळकडे बघितलं. बाळने शटरभोवती एक फेरी मारली आणि अंगठा दाखवला. धम्मपाल कुठे आहे, हे कुणाच्या मनातच आलं नाही. सफाईवाल्याचं काम सकाळी संपलेलं.

पंप सुरू झाला. आता धम्मपाल ओरडू लागला. "बाळ! ए बाळ! मी आत हाय!" पण आवाज वरच्या चौकोनातून निघून जात होता आणि बाहेर डिझेलचा पंप आणि गाडीचं फिरणारं पिंप, दोन्ही धडधडत होती.

माझं त्यांच्या घरी जाणं-येणं आहे. पुढे एकदा मी त्याला विचारलं होतं, माल येताना कसा येतो? तो म्हणाला, "आवाजच नाय. नीडलच्या कामात कसं, माल पडतो तो धबाधबा. कळतं. हे नुसतं येतं. खाली बघितलं तर जमीन वर येत होती."

राखाडी, चकचकीत पेज सळयांमधून सरकत आली, बुटांवर चढली, बुटांत शिरली. थंडगार. मग घोट्यांपासून पिंढऱ्यांपर्यंत. पाण्यात माणूस उभा राहिला तर पाणी अंगाला धरत नाही. हे धरत होतं. गुडघे बुडाले तसे पाय हलेनासे झाले. मांड्यांना चारी बाजूंनी दाब बसू लागला. कमरेवरून छातीपर्यंत आलं तेव्हा ओरडायलाही श्वास पुरेना. आपण ह्या खांबाच्या आत राहणार, वर पूल होणार, त्याच्यावरून महाबळेश्वरच्या गाड्या जाणार, असं काहीतरी त्याच्या डोक्यात येऊन गेलं. त्याला रडू आलं नाही. त्याने हेल्मेट काढलं. हात पुढे केला तर शटरच्या पत्र्यापर्यंत पोचत होता. हेल्मेटची कड त्याने पत्र्यावर आपटायला सुरुवात केली.

माल कुठवर चढला हे बाहेरून दिसत नाही. म्हणून फोरमन लहान हातोडीने शटरवर ठोकत जातो. भरलेल्या ठिकाणी ठस्स आवाज येतो, रिकाम्या ठिकाणी घुमतो. बाळ ते करत होता. माल छातीएवढा आला असेल असा अंदाज घेऊन त्याने त्याच्या वर ठोकलं. पत्रा घुमला. आणि मग त्याने न ठोकता पत्रा पुन्हा वाजला.

बाळला वाटलं, सैल बोल्ट. त्याने कान लावला. आतून ठक, ठक, ठक.

"पंप बंद!" तो असा ओरडला की पंपवाल्याने न विचारता हात मारला. पंप थांबला आणि त्या शांततेत पत्र्याच्या आतून बारीक आवाज आला, "फोरमन..."

"अरे आत माणूस हाय! धम्मा हाय आत!"

निषादचा चेहरा उतरला. तो पंपाकडे धावला. मग म्हणाला, "पंप उलटा चालवा. ओढून घ्या माल." पंपवाल्याने उलटा चालवला. नळीतला माल परत आला, आतली पातळी वीतभर उतरली आणि मग पंप नुसताच गुरगुरू लागला. हवा ओढत होता.

शुभदा पत्र्याला तोंड लावून ओरडली, "दादा, ऐकू येतंय? हे इतक्यात घट्ट होणार नाही! राख आहे ह्यात! थंडी आहे! आपल्याकडे वेळ आहे, घाबरू नका!" आणि मागे वळून ती बाळला म्हणाली, "सफाईची खिडकी उघडा. स्वतःच वाहून येईल. पण समोर उभे राहू नका कुणी, जोरात येईल."

बाळ बाजूला बसून बोल्ट सोडू लागला. आतल्या दाबाने ते आवळून धरलेले. शेवटच्या बोल्टला त्याने पहारीने रेटा दिला आणि खिडकीचं झाकण उडालं. पेज फुटून बाहेर आली. कुणी फावडं लावलं नाही, कुणी ओढली नाही. ती आपली आपण पसरत गेली, झाडाखालचे डबे घेऊन गेली, उभ्या माणसांच्या घोट्यांपर्यंत आली.

"उतरतंय!" आतून धम्मपाल म्हणाला. "बरगड्या सुटल्या. उतरतंय!"

आणि मग थांबलं. खिडकीतून नुसता जाड ओघळ येऊ लागला. मांड्यांच्या खाली पातळी येईना. दही हलवलं की पातळ होतं, तसंच ह्या मालाचं आहे. स्वस्थ राहिलं की ते विरजल्यासारखं धरतं. हलवलं की सुटतं. शुभदाला ते माहीत होतं. "हलवायला हवं! व्हायब्रेटर आहे का एखादा?"

"कुठला व्हायब्रेटर," बाळ म्हणाला. "गेले ना सगळे."

मग मिळेल ते घेऊन माणसं शटरला भिडली. लाकडी हातोडे, फळ्या, दगड. चारी बाजूंनी पत्रा दणाणू लागला. आत धम्मपालच्या कानठळ्या बसल्या, पण त्याच्या मांड्यांभोवतीचा माल थरथरून ओला झाला आणि पुन्हा सरकू लागला.

त्या गडबडीत निषाद कुठे गेला ते कुणी बघितलं नाही. तो वर चढला होता. करवतीचं पातं दातात धरून तो पिंजऱ्यात उतरला. अंगाने तो धम्मपालपेक्षा भरलेला. शर्ट फाटला, पाठ सोलवटली, पण तो त्याच्या डोक्याच्या वर येऊन टेकला.

"कासारे, हलू नका."

"साहेब, तुम्ही कशाला आलाव? तुम्ही पण अडकाल."

"गप्प बसा." त्याने धम्मपालच्या पाठीमागे हात घालून पट्टा कापायला घेतला. तो जाड होता. तुटता तुटेना. धम्मपालला मानेवर पाण्याचे थेंब पडलेले जाणवले. घाम असेल. पट्टा तुटला तसा तो पुढे सळयांवर आदळला. पाय बुटांतून ओढून काढले. बूट आतच राहिले. निषादने त्याच्या काखेत हात घातला, वरून दोर आला, आणि एकेका रिंगेवर उघडे, राखाडी पाय ठेवत धम्मपाल त्या चौकोनातून बाहेर आला.

खाली आणल्याबरोबर शुभदाने त्याला पाण्याच्या टाकीपाशी नेलं. "पँट काढा, दादा. आधी धुवा."

"मॅडम, तुम्ही जावा ना तिकडं."

"अहो, कातडी जळते त्याने! सिमेंट आहे ते!"

"तुम्ही आधी जावा."

ती पाठ फिरवून उभी राहिली आणि पाण्याचा पाइप तिने मागे हात करून तसाच धरून ठेवला. बाळने त्याला धुतला. धम्मपाल थंडीने कुडकुडत हसला आणि त्याच हसण्यात रडायला लागला.

आम्रपालीला फोन गेला तेव्हा ती शाळेत भांडी घासत होती. फोनवर बोलणारा म्हणाला, "तुमचा माणूस खांबात आत सापडला होता." पुढचं वाक्य तिला ऐकूच आलं नाही. तिचं माहेर वरंधकडचं. तळीयेला दरड येऊन घरं गाडली गेली त्या पावसात तिचा भाऊ मदतीला गेला होता, आणि आत सापडला म्हणजे काय, हे तिने त्याच्या तोंडून ऐकलं होतं. ती तिथेच बसली. मुख्याध्यापकांनी फोन घेऊन नीट विचारलं आणि मग तिला सांगितलं, "जिवंत आहे. महाडला दवाखान्यात नेलंय."

ती पोचली तेव्हा धम्मपालच्या दोन्ही पायांना मांड्यांपर्यंत मलमपट्टी होती. धुतलं होतं तरी माल फार वेळ अंगाला होता. ती खाटेच्या कडेला टेकली. त्याचे हात हातात घेऊन चोळत बसली. मग म्हणाली, "आता नाय जायाचं तिथं."

"मग कुठं?"

"कुठं पण."

पायांच्या जखमा भरायला उन्हाळा उजाडला. डॉक्टरांनी हातही बघितले. म्हणाले, बोटांतली जाणीव फारशी परत येणार नाही, थंडीपासून जपा, थरथरणारं मशीन पुन्हा हातात घेऊ नका. कंपनीने दवाखान्याचा खर्च केला आणि बरं वाटलं की या, असा निरोप पाठवला. निषाद दोनदा घरी येऊन गेला. दोन्ही वेळा तो ओटीवर बसला, चहा घेतला आणि उठला.

खरा त्रास घरात होता. घर दोन खोल्यांचं, एकामागे एक, आणि दार एकच, पुढचं. मागच्या खोलीत तो जाईना. एकदा थंडी वाजते म्हणून रूपालीने पुढचं दार लोटलं तर तो अंथरुणातून उठून दारावर धडकला. कडी लावलेली नव्हती. नुसतं ओढायचं होतं. पण तो दोन्ही मुठींनी ते बडवत राहिला. तिने दार उघडलं तेव्हा तो घामाने थबथबला होता. त्यानंतर तो ओटीवरच झोपायला लागला. एसटीत तो दारापाशी उभा राही. बसायला जागा असली तरी आत शिरत नसे. वाडीतल्या विहारात वंदनेला गेला तर उंबऱ्याजवळ बसे.

त्याने दुसरी कामं शोधली. महाडच्या कारखान्यांत विचारलं. हात बघून नाही म्हणाले, किंवा काम बंद शेडमधलं होतं. वॉचमनचं मिळत होतं, पण तिथे रात्री केबिनमध्ये बसायचं. एक दिवस तो आम्रपालीला म्हणाला, "मी परत जातो पुलावर."

"वेड लागलं काय?"

"इथं बसून पण मी तिथंच हाय गो. रोज तिथंच हाय. मग निदान काम तरी करतो."

ती भांडली, रडली, दोन दिवस बोलली नाही. तो गेला.

साइटवर नियम बदलला होता. आता माल भरताना वर एक माणूस बसवायचा, शेवटपर्यंत. निषादने धम्मपालला विचारलं नसतं, पण धम्मपाल आपणहून म्हणाला, "वर मी बसतो. मोकळ्या हवेत." पहिल्या दिवशी शटरच्या कडेशी बसून त्याने आत बघितलं आणि दोन्ही हातांनी कड धरून तो मागे सरकला. बाळ शेजारी येऊन बसला. त्याने धम्मपालच्या कमरेला हात घातला आणि अख्खा खांब भरेपर्यंत तसाच बसून राहिला. तंबाखू मळायलाही त्याने हात काढला नाही.

पंप सुरू करण्याआधी आता धम्मपाल आत वाकून हाक मारतो, "आत कोण हाय काय रे?" मग थांबतो. सगळ्यांना थांबावं लागतं. एकदा वरचा कुणी मोठा साहेब आला होता. गाडीतला माल तापतोय म्हणून चिडला. "अरे, दिसत नाही का आत कोणी नाहीये!" धम्मपाल म्हणाला, "दिसतंय साहेब. पण विचारू द्या." आणि त्याने पुन्हा हाक मारली. निषादने साहेबांकडे न बघता पंपवाल्याला थांबायची खूण केली.

त्याला हे काम सोडायचं आहे, असं तो अजूनही म्हणतो. प्रत्येक खांब भरला की घरी येऊन दोन दिवस नीट जेवत नाही. पूल संपला की कंपनीचं पुढचं काम बोगद्याचं आहे. बाळने त्याला विचारून ठेवलंय. त्याने हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

गेल्या पावसाळ्याआधी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा घराच्या मागच्या बाजूला विटांचा ढीग पडला होता. मला वाटलं, खोली वाढवतायत. आम्रपाली पदर खोचून, डोक्याला फडकं बांधून उभी होती, अंगभर धूळ. तिने मागच्या खोलीची भिंत फोडून दुसरं दार काढलं होतं. चौकट बाळने आणून दिली होती. दाराच्या फळ्या मात्र लावायच्याच नाहीत असं तिने ठरवलेलं. तिची एक जुनी हिरवी साडी तिथे टांगली होती.

"पावसात पाणी आत येईल," मी म्हटलं.

"येऊ दे," ती म्हणाली. "पुसून काढीन."

आत धम्मपाल मागच्या खोलीत भिंतीला टेकून झोपला होता. घाटाकडून येणारा वारा साडी उडवून त्याच्या अंगावरून जात होता आणि पुढच्या दाराने बाहेर पडत होता. भर दुपार होती. रूपाली अभ्यासाचं पुस्तक घेऊन त्याच्या पायाशी बसली होती. मी हाक मारणार होतो, पण तिने ओठांवर बोट ठेवलं.